कुणाला परवडावं म्हणून?

मरुदानल्लूरला एकत्र राहण्यासाठी घरं बांधायची, हा विचार आमच्या भजनी मंडळात बरेच दिवस घोळतो आहे. वीस कुटुंबं, प्रत्येकाचं आपलं लहानसं घर, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, भजनासाठी एक मोठी जागा, आणि रात्री-अपरात्री दुखलंखुपलं तर उठून येणारी शेजारची माणसं. मंडळात काही जण तंजावरी मराठी घरांतले, पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी राहिलेले. काही चेन्नईत नोकरी करून निवृत्त झालेले, काही माझ्यासारखे पुण्याहून येऊन-जाऊन असणारे. बहुतेकांनी साठी ओलांडली आहे आणि बहुतेकांची मुलं दूर आहेत. जागा पाहून झाली, आराखडा झाला, अंदाजपत्रक आलं. घरामागे येणारा आकडा वाचून दाखवला गेला, आणि त्यानंतर यादीतून एकेक नाव कमी होत गेलं. आमचे मृदंग वाजवणारे गेले. शाळेत तात्पुरत्या नोकरीवर आयुष्य काढलेल्या दोघी बहिणी गेल्या. नवऱ्याच्या अर्ध्या पेन्शनीवर राहणाऱ्या एक मावशी गेल्या, आणि त्यांना तर एकत्र राहण्याची गरज आम्हा सगळ्यांहून जास्त होती. ज्यांच्याकडे शहरात विकण्याजोगा फ्लॅट आहे, ते उरले. मीही उरले.

‘ज्यांना परवडेल ते येतील,’ असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. त्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, व्यवहार होता. पण ज्या वस्तीचा सगळा आधार एकमेकांवर आहे, तिची पहिली चाळणी बँकेतल्या शिलकीने लागावी, हे मनाला पटेना. आकडा एवढा का आला? त्यातला किती बाजाराचा आणि किती माझ्या हव्यासाचा? हा हिशेब दुसऱ्या कुणाकडे मागण्याआधी स्वतःकडे मागायचा, असं ठरवून मी हे लिहिते आहे.

मरुदानल्लूर का, हे आधी सांगायला हवं. कुंभकोणमच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर हे गाव आहे, आणि तिथे सद्‌गुरुस्वामींचा मठ आहे. दक्षिणेतल्या नामसंकीर्तन परंपरेचे तीन आधारस्तंभ मानतात: गोविंदपुरमचे बोधेंद्रस्वामी, तिरुविसनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्‌गुरुस्वामी. यांतल्या सद्‌गुरुस्वामींनी भजनाची पद्धत बसवून दिली, कशानंतर काय गायचं याचा क्रम घालून दिला. तंजावरला त्या वेळी भोसल्यांचं राज्य होतं, समर्थांच्या शिष्यपरंपरेचे मठ होते, मराठी कीर्तन राजवाड्यात आणि रस्त्यात दोन्हीकडे ऐकू येत होतं. त्या सहवासातून अभंग या पद्धतीत आले आणि राहिले. आजही ज्यांना मराठी बोलता येत नाही अशा तमिळ घरांत तुकोबांचे अभंग तोंडपाठ असतात. महाराष्ट्राबाहेर, कावेरीच्या काठी आपले अभंग कुणीतरी आपल्याहून अधिक निष्ठेने सांभाळलेत, याची कृतज्ञता मला या गावाकडे ओढते. म्हातारपण इथे घालवावं ही इच्छा खरी आहे, तिच्याबद्दल मला शंका नाही.

या परंपरेत उंछवृत्ती मोठी मानतात. नाम गात घरोघर फिरायचं, पात्रात जे तांदूळ पडतील त्यांवर तो दिवस काढायचा, उद्यासाठी साठवायचं नाही. भजनी मंडळं अजून उत्सवात हा विधी करतात. आम्हीही केला आहे, गळ्यात पात्र अडकवून. त्याच गळ्याने मी आराखड्याच्या बैठकीत काय काय मागितलं, ते आता समोर ठेवते. मुलगा वर्षातून एकदा येईल म्हणून एक जास्तीची खोली. दोन न्हाणीघरं. पूर्ण आकाराचं स्वतःचं स्वयंपाकघर, कारण सामाईक स्वयंपाकघर असलं तरी ‘आपलं आपल्याला हवंच’. पुस्तकांसाठी भिंत. कपडे वाळत घालायला स्वतंत्र जागा. एकही मागणी अवाजवी वाटली नाही, कारण प्रत्येकीमागे एक सोय होती. वीस जणांनी अशाच मागण्या केल्या आणि घर हजार चौरस फुटांवर गेलं.

समजा, बांधकामाला चौरस फुटाला अडीच हजार रुपये पडतात. हजार फुटांची वीस घरं म्हणजे वीस हजार चौरस फूट. तीच घरं साडेपाचशे फुटांची केली आणि पाहुण्यांच्या चार खोल्या, मोठं स्वयंपाकघर, धुण्याची जागा, वाचनाची जागा हे सगळं मिळून अडीच हजार फूट सामाईक बांधलं, तर एकूण साडेतेरा हजार होतात. साडेसहा हजार फूट वाचले, म्हणजे एक कोटी साडेबासष्ट लाख, घरटी आठ लाखांच्या वर. वर्षातून आठ-दहा दिवस वापरायच्या खोलीसाठी आणि क्वचित पेटणाऱ्या दुसऱ्या शेगडीसाठी आम्ही हे आठ लाख घालत होतो. मृदंगवाल्यांचं नाव यादीत राहायला कदाचित तेवढेच कमी पडत होते.

इथे मला थोडं थांबून खोलात जायला हवं. स्वतंत्र स्वयंपाकघराच्या हट्टात सोय किती आणि ‘कोणाच्या हातचं’ किती? मी स्वतःला जातपात न मानणारी समजते. तरी सामाईक स्वयंपाकाला कोण येणार, हे ठरायच्या आधीच मला माझी शेगडी हवी होती. मंडळातल्या एकाने सोवळ्याचं कारण उघड सांगितलं, दुसऱ्याने पथ्याचं, मी चवीचं. तीन कारणं दिसायला वेगळी आहेत. माझ्या कारणाच्या मुळाशी पहिल्या कारणाचा काही अंश आहे का, असं विचारलं तर मनातून नकार लगेच येत नाही. आणि या अंशाची किंमत चौरस फुटांत मोजता येते, ती दुसऱ्या कुणाच्या तरी वगळण्यातून चुकती होते.

एकत्र राहण्याची घरं परवडणारी करण्याचा एक प्रयोग याच परिसरात तीनशे वर्षांपूर्वी झाला आणि तो मराठी राजाने केला. एकोजीराजांचे पुत्र शहाजी १६८४ ते १७१२ तंजावरच्या गादीवर होते. त्यांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिलं. गावाला शहाजीराजपुरम असं नाव पडलं. घर महाग करणारी सगळ्यांत मोठी गोष्ट जमीन, आणि ती राजाने किमतीतूनच काढून टाकली. बाकीची रचनाही आजच्या सामूहिक वस्त्या आखणाऱ्यांनी पाहावी अशी आहे. एकाला लागून एक घरं, दोन घरांत एकच भिंत, पुढचा भाग अरुंद आणि घर मागे लांबवर गेलेलं, मध्ये आकाशाला उघडा चौक, रस्त्याच्या कडेला तिण्णै म्हणजे आपला ओटा, ज्यावर वाटसरूने न विचारता पाठ टेकावी. देऊळ, तळं, घाट सगळ्यांचे. विद्वानांना अन्नाची ददात नव्हती आणि ग्रंथ निर्माण झाले.

पण ते अन्न पिकवणारी माणसं त्या रस्त्यावर राहत नव्हती, आणि पुष्कळांना त्या रस्त्यावरून चालायचीही मुभा नव्हती. फुकट जमिनीचं मोल त्यांनी मोजलं. श्रीधर अय्यावाळ याच अग्रहारातले. त्यांची कथा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी, ब्राह्मणभोजनाआधीच, दाराशी आलेल्या भुकेल्या अस्पृश्य माणसाला त्यांनी श्राद्धाचं अन्न दिलं. अग्रहाराने त्यांच्यावर बहिष्कार घातला, गंगास्नानाचं प्रायश्चित्त सांगितलं. काशी दूर, त्यांनी गंगेची प्रार्थना केली आणि गंगा त्यांच्या विहिरीत उसळून आली. दर कार्तिक अमावास्येला तिरुविसनल्लूरला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला अजून लोक लोटतात. मीही गेले आहे. चमत्काराकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मला त्यातला बहिष्कार विसरता येत नाही. एकत्र राहणाऱ्या, विद्वान, भाविक, एकमेकांना धरून असणाऱ्या वस्तीने आपल्यातल्या सगळ्यांत कोवळ्या मनाच्या माणसाला बाहेर काढलं, कारण त्याने बाहेरच्याला पानावर घेतलं. वस्ती जेवढी घट्ट, तेवढी तिची सीमाही घट्ट होऊ शकते.

आमची यादी बघितली तर ती एका जातीची नाही, पण दोन-तीनच जातींची आहे. कुणी ठरवून तसं केलेलं नाही. ओळखीतून ओळख निघत गेली. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, ती भारतातल्या सहकारी घरांच्या अगदी पहिल्या प्रयत्नांतली. आपल्यातल्या मध्यम मिळकतीच्या माणसाला मुंबईच्या भाड्यातून सोडवणं हा तिचा हेतू प्रामाणिक होता आणि तो साधलाही. पण ‘आपल्यातला’ म्हणजे ज्ञातीतला. पुढे अशा पुष्कळ संस्था झाल्या. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा पोटनियम बेकायदा ठरत नाही, असा निकाल दिला. म्हणजे कायदा आम्हाला अडवणार नाही. विश्वास, सारख्या सवयी, उधारीची हमी या सगळ्या गोष्टी ज्ञातीत स्वस्तात मिळतात हेही खरं. मला माझ्यापुरतं एवढंच विचारायचं आहे: अभंगांवरच्या प्रेमाने जी वस्ती उभी राहणार, तिच्या दाराशी चोखामेळा आणि जनाबाई आले तर त्यांची नावं कोणत्या ओळखीने यादीत लागतील?

आता जमीन. बांधकामातली काटकसर पहिल्या दिवशी उपयोगी पडते, जमिनीचा प्रश्न मात्र पन्नास वर्षं पिच्छा पुरवतो. परवडेल अशा किमतीत घर बांधलं आणि पहिल्याच सभासदाने दहा वर्षांनी ते बाजारभावाने विकलं, की तो प्रयत्न तिथेच संपतो. सवलत एकाच पिढीच्या खिशात जाते. आपल्या शहरांतल्या सहकारी सोसायट्यांचं हेच झालं. सरकारकडून स्वस्तात मिळालेल्या भूखंडांवरचे फ्लॅट आज कोटींना जातात, आणि महाराष्ट्रात सोसायटीला हस्तांतरण शुल्क पंचवीस हजार रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ती मर्यादा सभासदाला लुबाडणुकीपासून वाचवते हे चांगलंच, पण वाढलेल्या किमतीतलं काहीही वस्तीकडे परत येत नाही. आपल्या कायद्यात दुसरा प्रकारही आहे, ज्यात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या आणि सभासद भागधारक-भाडेकरू असतो. तो कागदावर असला, तरी व्यवहारात सभासद घर आपलंच समजून विकतो. असं का होतं याचं उत्तर मला बाहेर शोधायला नको. पुण्यातला माझा फ्लॅट आम्ही घेतला तेव्हाची किंमत आणि आजची किंमत यांत जे अंतर आहे, त्यासाठी मी काहीही केलेलं नाही. रस्ते झाले, कारखाने आणि कंपन्या आल्या, हजारो माणसं कामासाठी शहरात आली आणि महाग भाडी देत राहिली. त्यांच्या गरजेतून माझी किंमत वाढली. मरुदानल्लूरच्या यादीत मी टिकले ती या न कमावलेल्या पैशावर. मावशींचं घर भाड्याचं होतं, म्हणून त्या गळल्या. आमच्या दोघींच्या कष्टांत फरक नव्हता.

कुंभकोणमच्या माणसाला जमीन आणि घर वेगळं करण्याची कल्पना नवी नाही. इथल्या देवळांच्या आणि मठांच्या मालकीच्या जागांवर कितीतरी घरं उभी आहेत. बांधकाम राहणाऱ्याचं, खालची जमीन देवाची, आणि तिचं भाडं भरायचं. असं घर विकलं तरी जमिनीचा भाव विकणाऱ्याच्या हाती पूर्ण येत नाही. या व्यवस्थेत भांडणंही खूप आहेत. भाडं फार कमी म्हणून देवस्थानाची तक्रार, एकदम वाढवलं म्हणून राहणाऱ्यांची, थकबाकीचे खटले. तमिळनाडूच्या १९५९च्या कायद्याने पाच वर्षांहून लांबचा पट्टा मंजुरीशिवाय देता येत नाही. तेव्हा ही वाट सरळ नाही. तरी जमीन विकत न घेता पिढ्यान्‌पिढ्या राहता येतं, हे इथे प्रत्यक्ष दिसतं.

आणि ज्याने ही गोष्ट आपल्या काळात तत्त्व म्हणून मांडली तो माणूस तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा. विनोबांनी १९५१ मध्ये भूदान सुरू केलं आणि त्यातून ग्रामदान निघालं: जमिनीची मालकी गावसभेची, कसण्याचा हक्क कसणाऱ्याचा, बाहेरच्याला विक्री नाही. आपण ते आंदोलन इतिहासाच्या धड्यात ठेवून मोकळे झालो. पण १९६९ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काळ्या शेतकऱ्यांसाठी काही हजार एकरांवर ‘न्यू कम्युनिटीज’ नावाची संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या प्रवर्तकांसमोर ग्रामदानाचं उदाहरण होतं. दुष्काळाने आणि वेळेवर कर्ज न मिळाल्याने ती जमीन पुढे त्यांच्या हातून गेली. तिथून निघालेली सामुदायिक भूविश्वस्ताची कल्पना मात्र टिकली. जमीन विश्वस्त संस्थेची, घर राहणाऱ्याचं, विकताना नफ्यावर मर्यादा. आज अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये परवडणाऱ्या घरांचा तो मान्य मार्ग आहे. लीड्स शहरात ‘लायलॅक’ नावाची वीस घरांची सामूहिक वस्ती २०१३ मध्ये राहती झाली. तिथे प्रत्येक सभासद निव्वळ मिळकतीच्या पस्तीस टक्के भरतो. जास्त मिळवणाऱ्याच्या हप्त्याने कमी मिळवणाऱ्याचं घर पेलतं. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ मध्ये, महाराष्ट्राच्या १९६४च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन, आपापल्या जमिनी ग्रामसभेला देण्याचं ठरवलं. गोंड आदिवासींच्या त्या लहान गावाला जे जमलं, ते पेन्शनदारांच्या भजनी मंडळाला अवघड का वाटावं?

अवघड का वाटतं ते मला ठाऊक आहे. मी तीस लाख घातले आणि माझ्यानंतर मुलाच्या हाती महागाईची वाढ धरून तेवढेच आले, बाजारभावाचे साठ-सत्तर आले नाहीत, तर मी त्याचं नुकसान केलं का? मुलाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, “आई, तुझे पैसे आहेत, तू ठरव.” मग थोडं थांबून म्हणाला, “पण कागदपत्रं नीट बघून कर.” त्या थांबण्यात काय होतं, ते आईला कळतं. त्याचा काही दोष नाही. घर म्हणजे मुलांसाठी ठेवायची ठेव, हे मीच त्याला शिकवलं आहे, माझ्या आईने मला शिकवलं तसं. या शिकवणुकीवर मात करायची तर ती कुणा नव्या कायद्याने होणार नाही, मला सही करावी लागेल.

कावेरीच्या या प्रदेशात जमीन या विषयाला रक्ताचा इतिहास आहे. २५ डिसेंबर १९६८ला तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात कीळवेण्मणी इथे चव्वेचाळीस दलित शेतमजूर, बहुतेक बायका आणि मुलं, एका झोपडीत जाळून मारली गेली. मजुरी वाढवून मागितल्याचा तो सूड होता. त्यानंतर विनोबांबरोबर काम केलेले जगन्नाथन आणि कृष्णम्माळ हे दांपत्य या भागात येऊन राहिलं. १९८१ मध्ये त्यांनी लाफ्टी ही संस्था काढली, जमीनदारांशी बोलून, कर्ज काढून हजारो एकर जमीन भूमिहीन कुटुंबांना मिळवून दिली, बाईच्या नावावर. पुढे झोपड्यांच्या जागी पक्की घरं बांधण्याचं काम कृष्णम्माळांनी हाती घेतलं. अशा प्रदेशात पुण्याच्या फ्लॅटचे पैसे घेऊन उतरताना मी कोण आहे, हे मला विसरता येणार नाही. आम्ही वीस जणांनी मागतील ती किंमत देऊन भातखाचर घेतलं, तर शेजारच्या गुंठ्याचा भाव त्याच दिवशी चढेल, आणि तिथे घर बांधू पाहणाऱ्या स्थानिक शिंप्याला किंवा शिक्षिकेला ते आणखी दूर जाईल. आमच्यासाठी स्वस्त झालेली वस्ती गावासाठी महागाई आणणार असेल, तर तिला परवडणारी म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. शिवाय हा डेल्टा २०२०च्या राज्य कायद्याने संरक्षित कृषी क्षेत्र आहे. घरं बांधायला त्याने बंदी नसली, तरी भाताची जमीन भजनासाठी बुजवण्यात मला देवाची सेवा दिसत नाही.

त्याऐवजी या पट्ट्यात जे रिकामं पडलं आहे तिकडे पाहावं, असं माझं मत झालं आहे. अग्रहारांतली कितीतरी घरं बंद आहेत. मालक चेन्नईला, मुंबईला, अमेरिकेला. कौलं घसरलेली, तिण्णैवर धूळ. अशी एका ओळीतली पाच-सहा घरं लांब मुदतीच्या भाड्याने घेऊन दुरुस्त केली, मधल्या भिंतींना दारं पाडली, एका घराचं सामाईक स्वयंपाकघर केलं, तर जमीन विकत घ्यायलाच लागत नाही. मालकी हक्कांचे तिढे आहेत, वारस अनेक आहेत, जुन्या लाकडाला वाळवी आहे. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात दिमाख नाही. पण मृदंगवाल्यांना ते परवडेल.

आराखड्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल बैठकीत कुणीच बोललं नाही. फाटकाजवळ, पंपाच्या खोलीला लागून, ‘सेवकांसाठी’ म्हणून दहा बाय दहाच्या दोन खोल्या. वीस म्हाताऱ्या कुटुंबांना स्वयंपाक, झाडलोट, रात्रीची देखभाल, दवाखान्याची ने-आण यासाठी सहा-सात माणसं तरी लागतील. दर महिन्याचा खर्च खाली आणायचा सोपा उपाय म्हणजे त्यांचा पगार कमी ठेवणं. एकत्र राहण्याच्या पुष्कळ योजना अशाच परवडणाऱ्या होतात आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मी हा खर्च कमी व्हावा म्हणून आग्रह धरते, तेव्हा कुणाच्या ताटातलं काढायला सांगते आहे, हे मला बघायला हवं. जी बाई मला शेवटी उठवून बसवणार, ती त्याच वस्तीची सभासद का नसावी? तिच्यासाठीही इतरांसारखं साडेपाचशे फुटांचं घर का नसावं? मिळकतीच्या ठरावीक टक्क्यांचा नियम लावला, तर तिचा हप्ता तिच्या पगाराला धरून बसतो. म्हणजे हे अशक्य नाही. तिचं माझ्या बरोबरीने सभेला बसून हात वर करणं माझ्या मनाला कितपत रुचेल, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो पैशाचा नाही.

गरीब माणसाला घराचा हिशेब जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी सोलापूरला जाऊन यावं. कुंभारीजवळ विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरं उभी केली. संस्थेला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं नाव आहे, मागे नरसय्या आडम यांची कामगार संघटना होती. घराच्या किमतीचा एक हिस्सा केंद्राचा, एक राज्याचा, आणि एक विड्या वळून साठवलेला बायकांचा. २००६ मध्ये ती घरं ताब्यात मिळाली. मग रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, तिच्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ला दिली गेली. ही घरं ज्याची त्याची आहेत, सामूहिक स्वयंपाकघर वगैरे त्यांत नाही. पण संघटित होऊन सरकारकडून हक्काचा हिस्सा मागायचा आणि आपला हिस्सा पै-पैने भरायचा, हे त्या बायकांनी करून दाखवलं. आम्ही सुशिक्षितांनी आमच्या योजनेत सरकारी योजनेचं नावही घेतलं नाही, कारण ती ‘त्या लोकांसाठी’ असते. युरुग्वेत १९६८च्या कायद्यानंतर वाढलेल्या परस्परसाहाय्य गृहसंस्थांत प्रत्येक कुटुंब बांधकामावर आठवड्याला एकवीस तास काम करतं आणि घरं संस्थेच्या मालकीची राहतात. आमच्या गुडघ्यांना विटा वाहणं जमणार नाही. हिशेब ठेवणं, भाजी निवडणं, वस्तीतल्या आणि गावातल्या मुलांना शिकवणं जमेल, आणि ज्याच्याकडे पैसा कमी त्याचं हे काम हप्त्यात धरता येईल.

डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडामेन ही पहिली सामूहिक वस्ती झाली ती घर विकत घेऊ शकणाऱ्यांची होती. भाडेकरूंसाठी अशीच टिंगगार्डेन ही वस्ती १९७८ मध्ये आली. मधल्या काळात कुणीतरी, हे कुणाला परवडतं, हा प्रश्न स्वतःला विचारला असणार. आपण दुसरी वस्ती होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

मंडळाला माझं सांगणं असं आहे. पुढच्या बैठकीत अंदाजपत्रकाच्या आधी तीन गोष्टींवर मत घ्यावं: जमीन कुणाच्याही नावावर होणार नाही, घर सोडताना भरलेल्या रकमेवर महागाईहून अधिक कुणी मागणार नाही, आणि जे इथे काम करतील ते इथले सभासद असतील. मी तिन्हींना हात वर करणार आहे. पाहुण्यांच्या खोलीची आणि दुसऱ्या न्हाणीघराची माझी मागणी मी मागे घेतली आहे, स्वतंत्र स्वयंपाकघराचीही. ज्यांना या अटी मान्य नाहीत त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्यासाठी बाजारात घरं पुष्कळ आहेत. मृदंगवाले, दोघी बहिणी आणि मावशी यांना मात्र बैठकीचं आमंत्रण पुन्हा जायला हवं, आणि आकडा त्यांच्यापासून धरून वर मोजायला हवा.